महिन्यातून एकदा निघणाऱ्या जुन्या व्हॅनला कोणती बॅटरी लावावी?

तुमचा प्रश्न असा: पंधरा-सोळा वर्षांची डिझेल व्हॅन, महिना-दीड महिन्यातून एकदा बाहेर निघते आणि तीही अर्धा-पाऊण तास. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या. आता ७० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) जागी १०० एएचची बसवू, एजीएम (ॲसिड काचेच्या मॅटमध्ये शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी) घेऊ, की सरळ दोन बॅटऱ्या जोडून टाकू?

उत्तर आधी सांगतो. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाची, साधी, ताजी बॅटरी घ्या. तिच्या निगेटिव्हवर बॅटरी गाडीपासून तोडणारा, चांगल्यापैकी कट-ऑफ स्विच बसवा आणि व्हॅन उभी असते तिथे वीज असेल तर एक लहान ऑटोमॅटिक चार्जर ठेवा. एवढंच. पण यातली एकही वस्तू आणण्याआधी, गाडी बंद असताना बॅटरीतून किती करंट जातोय ते मोजा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या दोन्ही बॅटऱ्या सेल्फ मारून गेलेल्या वाटत नाहीत. त्या उभ्या उभ्या गेल्या आहेत.

हे पटायला थोडा हिशेब करू. तुमच्या इंजिनाएवढं डिझेल इंजिन सुरू करताना सेल्फ साधारण ३०० अँपिअर ओढतो असं धरा, आणि चार सेकंद फिरतो. म्हणजे १,२०० अँपिअर-सेकंद, म्हणजे जेमतेम ०.३३ एएच. त्याआधी चार हीटर प्लग दहा सेकंद तापले तर आणखी ०.१३. दोन्ही मिळून अर्धा एएचसुद्धा नाही. ७० एएचच्या बॅटरीला हा खर्च म्हणजे किरकोळ चिल्लर.

आता दुसरी बाजू बघा. घड्याळ, रेडिओची मेमरी, अलार्म, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर हे सगळं मिळून गाडी बंद असतानाही ४० मिलीअँपिअर खातं असं समजू. हा आकडा वाईट नाही, २० ते ५० ला आम्ही ठीकच म्हणतो. पण ४० मिलीअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे रोजचे ०.९६ एएच. म्हणजे तुम्ही घरात बसलेले असताना कोणीतरी रोज दोनदा व्हॅनचा सेल्फ मारून जातंय आणि इंजिन मात्र चालू करत नाहीये. ४५ दिवसांत ४३ एएच गेले. शिवाय बॅटरी काहीही न करता स्वतःहून थोडी उतरतेच, तिचे तीन-चार एएच वेगळे. ७० मधले २३ उरले. त्यावर ऊन असेल तर व्हॅन कदाचित सुरू होईलही, थंडीत कण्हेल. आणि मग तुम्ही अर्धा तास फिरवून आणता.

त्या अर्ध्या तासात किती भरलं? अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ७० अँपिअर लिहिलेलं असलं तरी बॅटरी तेवढे घेत नाही. सुरुवातीला वीस-पंचवीस अँपिअर घेते आणि भरत जाईल तशी तिची भूक कमी होत जाते. अर्ध्या तासात दहा-बारा एएच आत गेले तर खूप. शेवटचे २० टक्के भरायला तर कितीतरी तास लागतात, तिथे अल्टरनेटर कितीही मोठा असून उपयोग नाही. म्हणजे खर्च ४५ च्या वर आणि जमा १२. पुढच्या खेपेला सुरुवातच तुटीतून.

आता यात १०० एएच टाकून बघा. खर्च तोच, जमा तीच. फक्त तूट उघडी पडायला आणखी एक-दोन खेपा लागतील. मोठी बॅटरी घेतल्यावर पहिले सहा महिने माणूस खूश असतो आणि वर्षाने परत माझ्यासमोर उभा राहतो, तो या कारणाने. (मोठ्या बॅटरीने सेल्फ जळतो असंही काही जण सांगतात. ते खरं नाही. सेल्फ त्याला हवा तेवढाच करंट ओढतो. ट्रेमध्ये नीट बसत असेल आणि क्लँप आवळता येत असेल तर एक माप मोठी बॅटरी बसवायला हरकत नाही. रोग मात्र त्याने बरा होणार नाही.)

उतरलेली बॅटरी नुसती रिकामी नसते, ती आजारी पडत असते. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळून परत जातं. तसंच आठवडेच्या आठवडे राहिलं तर त्याचे खडे मोठे आणि कठीण होतात आणि मग चार्जर लावूनही हलत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा गेला. म्हणूनच १२.४ व्होल्टच्या खाली बॅटरी पडून राहू द्यायची नाही. पूर्ण भरलेली साधी बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० ला चतुर्थांश उरलेली. एजीएमचे आकडे याहून थोडे वर असतात, भरलेली १२.८ च्या पुढे. पण मीटर लावायचा तो गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. फिरवून आणल्या आणल्या मोजलं तर वरवरच्या चार्जमुळे अर्धी बॅटरीही १२.८ दाखवते आणि आपण निश्चिंत होतो. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा.

आता करंट कसा मोजायचा. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा आणि मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून पोस्ट (बॅटरीचं टोक) आणि केबल यांच्यामध्ये धरा. त्याआधी दरवाजे बंद करा. बॉनेट उघडं ठेवावं लागत असेल तर त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने खाली दाबून ‘बंद’ करा, नाहीतर तिथला दिवा किंवा अलार्म तुम्हाला फसवेल. पहिल्यांदा आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. इलेक्ट्रॉनिक्स झोपायला वेळ घेतात, वीस-तीस मिनिटं थांबा. आणि मीटर मध्ये असताना चुकूनही किल्ली फिरवू नका, सेल्फचा करंट मीटरमधून गेला की मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा.

आकडा ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर चोर वगैरे कोणी नाही, गाडी फक्त फार उभी राहते. आकडा २००-३०० असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धप्पकन पडला, त्या लाइनवर शोध घ्या. नंतर कोणीतरी बसवलेला म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, ट्रॅकर, बिघडलेला दरवाजाचा स्विच, असं काहीतरी निघतं. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा, सोडताना बॅटरी पूर्ण तोडलेली हवी. आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक झाला तर करंट त्या वाटेने जातो आणि ती वाट फ्यूज बॉक्समधून जात नाही, म्हणून भलेभले इथे चकतात.

माझ्याकडे एक गृहस्थ तिसरी बॅटरी घेऊन आले होते. आधीच्या दोन्ही ‘कंपनीच खराब’ म्हणून बदललेल्या. मागच्या सामानाच्या भागातला दिवा दार बंद झाल्यावरही चालूच राहत होता. दार बंद म्हणजे दिसणार कसा? मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवला, दार लावलं, तेव्हा सापडला. पाच वॉटचा बल्ब म्हणजे ०.४ अँपिअर, दिवसाला दहा एएच. आठवड्यात ७० एएचची बॅटरी साफ. दाराचा स्विच बदलला, ती तिसरी बॅटरी चार्ज करून परत बसवली आणि ती बरीच चालली.

दुसरं, जे जुन्या व्हॅनमध्ये हमखास असतं: अर्थिंग. इंजिन आणि चॅसी यांच्यामधली विणलेली पट्टी आतून हिरवी होऊन गेलेली असते. सेल्फ ‘कट-कट’ करतो आणि दोष बॅटरीला मिळतो. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या वेळी मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर आणि इंजिनच्या उघड्या धातूवर लावा. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर तिथे नुकसान होतंय. पॉझिटिव्हकडे पोस्टपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपर्यंत चालून जातं. खुद्द बॅटरीचे व्होल्ट सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नयेत. बॅटरी ९.६ च्या वर टिकतेय आणि तरी सेल्फ मरगळलेला असेल, तर पैसे बॅटरीवर घालवू नका. लग (केबलची टोकं) घासा, पट्टी बदला, मग बोलू.

एवढं झाल्यावर बॅटरीकडे येऊ.

साध्या लेड-ॲसिडमध्येही दोन घराणी आहेत. पाणी भरायची टोपणं असलेली जुन्या धाटणीची, जिच्या प्लेटांत अँटिमनी असतं. आणि कॅल्शियमवाली, बहुतेक सीलबंद. अँटिमनीवाली लवकर उतरते, पाणी मागते, पण खोल उतरल्यावर पुन्हा चार्ज घ्यायला त्यातल्या त्यात तयार असते. कॅल्शियमवाली महिनोन् महिने चार्ज धरून ठेवते, पण एकदा पूर्ण उतरली की रुसते. तिला परत आणायला १४.४ च्या वर व्होल्ट आणि भरपूर वेळ लागतो, आणि जुन्या व्हॅनचा रेग्युलेटर (अल्टरनेटरचे व्होल्ट ठरवणारा भाग) बऱ्याचदा १४.० वर थांबतो. तुम्ही कट-ऑफ स्विच बसवणार असाल तर कॅल्शियमवाली घ्या. स्विच न बसवता आणि चार्जर न लावता ठेवणार असाल तर कोणतीही घ्या, सारखीच वाया जाईल.

एजीएमबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बॅटरी चांगलीच असते: उतरते कमी, हादरे सोसते, जोर जास्त. पण तिला चार्जिंगला साधारण १४.४ ते १४.७ व्होल्ट लागतात आणि उष्णता अजिबात आवडत नाही. बॉनेटखाली इंजिनाच्या बाजूला तापत बसलेली, १४ व्होल्टवर अर्धपोटी राहिलेली एजीएम साध्या बॅटरीपेक्षा लवकर गेलेली मी पाहिली आहे, आणि मालकाने तिच्यासाठी जास्त मोजलेले असतात. मात्र तुमच्या व्हॅनची बॅटरी बॉनेटखाली नसून सीटखाली असेल, जे व्हॅनमध्ये नेहमीचंच, तर गोष्ट बदलते. साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून सीटखाली ती ठेवायची तर व्हेंटची नळी बाहेर काढलेली हवीच. पुष्कळ जुन्या गाड्यांत ती नळी केव्हाच हरवलेली असते. अशा ठिकाणी मी एजीएमच सुचवेन. अल्टरनेटर किती व्होल्ट देतो ते आधी मोजून घ्या: इंजिन जरा रेझ करून, हेडलाइट लावून, १४.२ च्या वर हवेत.

लिथियमची सेल्फ बॅटरी हा तुमचा विषयच नाही. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, आतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) गाडी चालू असताना मध्येच तुटला तर अल्टरनेटरला झटका बसतो. सोडून द्या. इन्व्हर्टरसाठीची ट्युब्युलर बॅटरीही नको, तिच्या जाड प्लेटा सावकाश करंट द्यायला बनवलेल्या असतात, एकदम ३०० अँपिअर फेकायला नव्हे.

सीसीएचा (कोल्ड क्रँकिंग अँप्स, म्हणजे थंडीत सेल्फ फिरवायची ताकद) आकडा पुस्तकात असेल तेवढा किंवा थोडा जास्त बघा. हा आकडा उणे १८ अंशांवर बॅटरी किती करंट देऊ शकते ते सांगतो, पण एसएई (अमेरिकी) आणि ईएन (युरोपीय) या दोन पद्धतींत मोजमाप वेगळं आहे. एका बॅटरीचा एसएई आणि दुसरीचा ईएन घेऊन तुलना करू नका. तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उत्पादनाची तारीख. बॅटरी दुकानात पडून राहिली तरी उतरते. घेताना तिथेच मीटर लावा, १२.६ च्या खाली असेल तर दुसरी मागा. संकोच करू नका, विकणाऱ्याला याची सवय असते.

दोन बॅटऱ्यांचं बोलू. समांतर जोडलेल्या दोन बॅटऱ्या म्हणजे कायमचा संसार. एकीचा एक सेल गेला की ती दुसरीला घेऊन बुडते. म्हणून दोन्ही एकाच मापाच्या, एकाच दिवशी घेतलेल्या लागतात. जुनीला नवी जोडणं तर मुळीच नको. आणि जिथे एकीचं पोट भरत नाही तिथे दुसरीला पानावर बसवून काय होणार? दुसरी बॅटरी लावण्याला अर्थ एकाच वेळी आहे: व्हॅनमध्ये मागे दिवे, पंखा, छोटा फ्रिज असं काही असेल आणि इंजिन बंद असताना तुम्ही ते वापरत असाल. मग ती मागच्या कामासाठी वेगळी डीप सायकल (खोल उतरून पुन्हा भरायला बनवलेली) बॅटरी ठेवायची आणि मध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले टाकायचा. अल्टरनेटर चालू होऊन १३.३ च्या आसपास गेलं की तो दोन्ही जोडतो, १२.८ च्या आसपास आलं की तोडतो. सेल्फची बॅटरी सुरक्षित राहते. पण लक्षात घ्या, आता चार्ज ठेवायला दोन तोंडं झाली.

आता खरा इलाज. कट-ऑफ स्विच निगेटिव्ह केबलवर बसवा. स्वस्तातला लाल किल्लीचा नको. सेल्फचा करंट जाताना तो तापतो आणि आतली पट्टी सैल होते. सततचे २०० अँपिअर आणि क्षणभर ५०० च्या पुढे सोसेल असा लिहिलेला घ्या. हा स्विच उघडला, म्हणजे बॅटरी तोडली, की ४० मिलीअँपिअरची गळती शून्य. उरते ती बॅटरीची स्वतःची उतरण, कॅल्शियमवालीत महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास. ७० एएचला दोन एएच! ४५ दिवसांचा हिशेब केला तर कुठे ४३ आणि कुठे तीन. तापमान वाढलं की ही उतरणही वाढते, दर दहा अंशांना साधारण दुप्पट, म्हणून उन्हाळ्यात दोन महिन्यांपेक्षा जास्त भरवशावर सोडू नका.

स्विचचे दोन तोटे आहेत. घड्याळ मागे पडतं आणि काही रेडिओ कोड मागतात, तो कोड आधी शोधून ठेवा. अलार्मही बंद राहतो, त्यामुळे व्हॅन रस्त्यावर असेल तर विचार करा. आणि इंजिन चालू असताना स्विच कधीही उघडायचा नाही. बॅटरी तुटली की अल्टरनेटरचे व्होल्ट उसळतात आणि डायोड जातात. घरात लहान मुलं किंवा हौशी पाहुणे असतील तर किल्ली काढून खिशात.

वीज जवळ असेल तर स्विचऐवजी किंवा स्विचसोबत चार-पाच अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर. पूर्ण भरल्यावर १३.५ व्होल्टच्या आसपास फ्लोटवर (बॅटरी भरलेली राहील एवढाच हलका चार्ज) जाणारा हवा. जुना, घूं घूं आवाज करणारा ट्रान्सफॉर्मरवाला रात्रभर लावून झोपू नका, तो थांबत नाही आणि सकाळी सेल कोरडे मिळतात. चार्जरची छोटी केबल बॅटरीवर कायम फ्यूजसह जोडून बॉनेटबाहेर काढा, म्हणजे प्लग लावण्याचा कंटाळा येणार नाही. ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण प्रत्येक वेळी बॉनेट उघडावं लागलं की तिसऱ्या महिन्यापासून माणूस चार्जर लावतच नाही.

वीज नसेल आणि व्हॅन उघड्यावर उभी असेल तर सौर पॅनेल. दहा वॉटचं पॅनेल चार तास चांगलं ऊन मिळालं तर दिवसाला तीन एएचच्या आसपास देतं, म्हणजे तुमच्या गळतीच्या तिप्पट. जास्त चार्ज होऊ न देणारा कंट्रोलर मध्ये हवा. काचेच्या आत डॅशबोर्डवर ठेवलं तर बरंच कमी मिळतं, आणि सिगारेट सॉकेटमधून जोडणार असाल तर किल्ली बंद असताना तो सॉकेट चालू राहतो का ते आधी बघा. नाहीतर पॅनेल वर्षभर हवेला चार्ज करत बसतं. झाडाखाली, शेडमध्ये, कव्हरखाली पॅनेल म्हणजे शोभेची वस्तू.

तुम्ही लिहिलंय की मधूनमधून दहा मिनिटं जागेवरच चालू करून ठेवता. ते बंद करा. सुरू करताना गेलेला अर्धा एएच तेवढ्यात भरून निघतो, पण आठवडाभराच्या गळतीचे सात एएच नाही; आयडलवर अल्टरनेटर पुरेसा देतही नाही. वर थंड इंजिनात पाणी साचतं, सायलेन्सर आतून गंजतो. चालवायची तर तासभर रस्त्यावर चालवा, नाहीतर उभी राहू द्या आणि चार्जरवर ठेवा.

बसवताना निगेटिव्ह आधी सोडायचं आणि शेवटी जोडायचं. पॉझिटिव्ह पोस्ट निगेटिव्हपेक्षा किंचित जाड असतो, त्यामुळे क्लँप जबरदस्तीने ठोकावा लागतोय असं वाटलं तर थांबा, उलटं तर जोडत नाही ना ते पाहा. पोस्टवरचं पांढरं-हिरवं फूल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. बॅटरीवर खडूने किंवा चिकटपट्टीवर तारीख लिहा.

तर आधी मीटर. रात्रभर उभ्या गाडीचे व्होल्ट, अर्ध्या तासानंतरचा गळतीचा आकडा, सेल्फ फिरताना बॅटरीवरचे व्होल्ट आणि अल्टरनेटरचे चालू गाडीतले व्होल्ट, हे चार आकडे आणि बॅटरी बॉनेटखाली आहे की सीटखाली, एवढं मला कळवा. गळती १०० मिलीअँपिअरच्या वर निघाली तर बॅटरीचं ठरवायची घाई करू नका, आधी ती सापडू द्या.